शेती? कोनाची?

पहिल्याच दिवशी काकांनी माझ्या बापाला चौथ्या वर्गातून सातव्या वर्गात ढकललं, आणि तेही माझा चहा संपायच्या आत.

मी तेव्हा समाजशास्त्रात एम.ए. करून नांदुऱ्याला परत आलो होतो, म्हणजे जगातलं सगळं मला कळून चुकलं होतं. स्टेशन रोडवर एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर पुण्याच्या एका संस्थेनं सर्व्हेचं ऑफिस उघडलं होतं. लांबट हॉल, हॉलमध्ये छताला टेकलेले फॉर्मांचे गठ्ठे, गठ्ठ्यांच्या मधोमध एक खुर्ची आणि खुर्चीत काका, म्हणजे नात्यातले नव्हेत, अख्ख्या ऑफिसचे काका. पांढरा बुशशर्ट, खिशाला हिरवं पेन, आणि त्याच खिशात दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं देवाबिवाचा फोटो असेल. बोलण्याआधी काका त्या खिशावर दोन बोटं टेकवायचे.

"बाप काय करते?"

"शेती," मी म्हणालो. छाती जरा पुढे काढूनच.

"कोनाची?"

"म्हणजे?"

"म्हंजे वावर कोनाचं? सातबारा कोनाच्या नावानं? पीक कोनाच्या घरी जाते?"

"बटईनं करतात. अर्धं पीक मालकाला."

"सालभर तेच?"

"मधात मधात... दुसऱ्याच्या कामाला पण जातात."

"मंग शेती काऊन म्हनतो बे सरळ?" त्यांनी हिरव्या पेनानं कागदावर चार खोडलं आणि सात लिहिलं. "सातवा वर्ग. च्या घे, थंडा होऊन राह्यला."

मी संतापून घरी आलो. एका म्हाताऱ्यानं तुमचा अपमान केला म्हणून बापाला सगळं रंगवून सांगितलं. बापानं पायाच्या बोटांना लागलेली माती खरडून काढली. मग म्हणाला, "बरोबर सांगतलं त्यानं. मले कोनं इतक्या बारकाईनं इचारलंच नाई आजवर."

मी वाढवून सांगतो असं नांदुऱ्यात सगळे म्हणतात. खरं आहे. मी सांगितलेल्या पुरात नेहमी एक हात पाणी जास्त असतं. पण काकांच्या बाबतीत वाढवायला जागाच नव्हती, तो माणूस मुळातच वाढवलेला होता.

आता हे वर्ग म्हणजे शाळेचे वर्ग नव्हेत, ते सांगतो. सर्व्हेची पोरं गावोगाव जाऊन घरोघर विचारायची: तुमच्या घरात कोण काय काम करतं? उत्तर शब्दांत यायचं. कोणी "मिस्त्री", कोणी "ड्रायवर", कोणी नुसतं "असंच". आम्ही माडीवर बसून त्या शब्दाला जाडजूड पुस्तकातला चार आकड्यांचा नंबर द्यायचो. मग पुण्याहून आलेला एक तक्ता होता, त्यात प्रत्येक नंबराचा वर्ग ठरलेला. एक म्हणजे मोठे साहेब आणि प्रोफेसर, चार म्हणजे स्वतःची शेती किंवा स्वतःचा धंदा, सात म्हणजे मजूर. शब्दाचा नंबर, नंबराचा वर्ग, आणि मग पुण्यात कळणार की कोणत्या वर्गात कोण आजारी पडतं, कोण मरतं. बाईचा वर्ग नवऱ्यावरून. नवरा मेला असेल तर मेलेल्या नवऱ्यावरून. मेलेला माणूसही ह्या तक्त्यात कामावरच असायचा.

काकांनी ह्याआधी तीस वर्षं बेरोजगारांची नावं नोंदवायच्या सरकारी खिडकीत काढली होती. तिथंही हेच: माणूस आला, त्याला काय येतं ते विचारायचं, कार्डावर कामाचा नंबर टाकायचा, आणि त्या नंबराची नोकरी निघाली की यादीत नाव. त्या खिडकीसमोरची रांग इतकी लांब असायची की शेवटचा माणूस पलीकडच्या तालुक्यात उभा असायचा आणि खिडकीशी पोचेपर्यंत त्याच्या पोराचं नाव नोंदवायचं वय झालेलं असायचं. ज्यांना काम नाही त्यांना कामाचे नंबर वाटत काकांची तीस वर्षं गेली. पुस्तक सगळं पाठ. वाटेत भेटणाऱ्या माणसाचं नाव त्यांना आठवायचं नाही, नंबर आठवायचा. आमच्या जिन्याखाली एक कुत्रं झोपायचं, त्यालासुद्धा त्यांनी वर्ग दिला होता: "राखनदार, पन बिनपगारी. घरच्या धंद्यात मदत करनारा."

एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसले. अर्धी दाढी झाली आणि काकांनी वस्तरा धरलेला हात धरला.

"दुकान तुह्यं हाय का दुसऱ्याचं?"

"दुकान भावाचं, खुर्ची माही."

"मंग तू मालक का नोकर?"

"काका, फेस वाळून राह्यला."

"वाळू दे. भाऊ सांगते तवा दुकान उघडतो का तुह्या मर्जीनं?"

न्हावी विचारात पडला. मग वस्तरा ठेवून भावाला बोलवायला गेला. भाऊ आला, दोघांचं जुंपलं. दुकान दोन दिवस बंद राहिलं, आणि ते दोन दिवस काका अर्ध्या दाढीनं ऑफिसात येत होते. नांदुऱ्यात दुसरे न्हावी नव्हते असं नाही. पण काकांचं म्हणणं होतं की अर्धवट फॉर्म दुसऱ्याकडे नेता येत नाही.

त्यांचं एक वाक्य होतं: "आकडा चौकटीत, मानूस समासात." फॉर्मावर नंबरासाठी चार चौकटी छापलेल्या असायच्या. काका त्या भरायचे आणि मग डाव्या बाजूच्या कोऱ्या समासात हिरव्या शाईनं बारीक अक्षरात लिहायचे, "टेलर म्हणतो, पण मशीन विकली." "ड्रायवर, पण चार महिने झाले गाडी नाही." "काही करत नाही म्हणते, हात कापसानं सोललेले." मी विचारलं, हे पुण्यात कोण वाचतं? काका म्हणाले, "कोनीच नाई. पन चौकटीतल्या आकड्याले सोबत पाह्यजे का नाई?"

त्यांचं खरं वैर एकाच शब्दाशी होतं. शेती. आपल्याकडे एकराचा तुकडा ज्याच्या नावावर आहे तो शेतकरी, ज्याच्या आजाच्या नावावर कधीकाळी होता तो पण शेतकरी, आणि जो बाराही महिने दुसऱ्याच्या वावरात राबतो तो सर्व्हेच्या पोराला सांगतो, "शेतीच करतो ना भाऊ." त्यात खोटं बोलायचा इरादा नसतो. मजूर म्हणायला जीभ वळत नाही. पोरं लिहून आणायची "शेती", तक्ता म्हणायचा चौथा वर्ग, आणि बघता बघता अर्ध्या जिल्ह्यातले मजूर गायब व्हायचे. मरायचे सातव्या वर्गाचं मरण आणि मोजले जायचे चौथ्यात. काका तसे फॉर्म परत पाठवायचे. पोरं जात नसली की मला मोटरसायकल काढायला लावून स्वतः निघायचे.

वडनेर भोलजीला असंच गेलो. फॉर्मावरचं घर सापडलं तर ओट्यावर सतरंजी अंथरलेली, पाच-सहा पाहुणे टोप्या घालून बसलेले, आतून पोह्यांचा वास. पोरीला बघायला आले होते. शहाणा माणूस उंबऱ्यावरून परत फिरला असता. काकांनी खिशावर दोन बोटं टेकवली.

"तुम्ही फारमात शेती लिव्हलं. कोनाची?"

ओट्यावर अशी शांतता पसरली की आत पोह्यांच्या फोडणीतली मोहरी तडतडलेली ऐकू आली. पोरीच्या बापाचा चेहरा फडक्यासारखा पांढरा. तो उठला तो दाराआडची काठी घेऊनच. "सायब, खरं सांगून पोट्टीचं लगन होत नाई!" असं ओरडत तो आमच्या अंगावर आला. आता इथे मी तुम्हाला सांगू शकतो की त्यानं आम्हाला नॅशनल हायवेपर्यंत पळवलं, आणि पुष्कळदा तसंच सांगतो. खरं म्हणजे त्याचा हात मध्येच थांबला, कारण नवऱ्या मुलाचा बाप मांडीवर थापा मारून हसत होता.

"बसा हो बसा! आमाले तरी कोनं इचारलं? आमचंबी वावर दुसऱ्याचंच होय!"

लग्न जमलं. दोन्ही घरं सातव्या वर्गात गेली. परत येताना मी हसून हसून गाडी पाडणार होतो. काकांनी मागून माझा खांदा दाबला. म्हणाले, "हसू नको बे. काठी घेऊन धावला तो, तवा त्याच्या डोयात काय होतं पाह्यलं?"

फॉर्माच्या शेवटच्या पानावर मेलेली माणसं होती. गेल्या पाच वर्षांत घरातलं कोण गेलं, कशानं गेलं, काय काम करत होतं. त्या पानावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायला लागली. कापसावर फवारणी करताना चक्कर आली, तोंडाला फेस आला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. काम काय? शेती. काका परत जायचे, विचारायचे, कोनाची? आणि दर वेळी तेच. पंप मालकाचा, औषध मालकाचं, वावर मालकाचं. पाठ तेवढी मेलेल्याची.

फवारणीवाल्याला पुस्तकात वेगळा नंबर निघाला. काकांनी आनंदानं टेबलावर हात आपटला. मग तक्त्यात वर्ग पाहिला तर हा नंबर कुशल कारागिरांत! कुठल्यातरी परदेशात अंगभर पोशाख घालून घरातल्या वाळव्या मारणारा माणूस असतो, त्याचा तो नंबर. तक्त्यात आमचा फवारणीवाला सोनाराच्या शेजारी बसला होता, तोंडाला फेस येऊन.

पुण्याच्या मॅडम दर शुक्रवारी कॉम्प्युटरवर दिसायच्या. बाई वाईट नव्हत्या, उलट काकांना मानायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की विषबाधेचं औषध कोणत्या गावांतल्या दवाखान्यात ठेवायचं, हे सरकार ह्या अहवालाच्या तक्त्यावरून ठरवणार आहे. काकांनी त्यांना फवारणीवाल्यांचं सगळं सांगितलं. सातव्या वर्गात, पण स्वतःच्या वेगळ्या ओळीत त्यांना ठेवा म्हणाले.

"ठेवते की," मॅडम म्हणाल्या. "फक्त काका, तिसापेक्षा कमी माणसं असली तर वेगळी ओळ करता येत नाही. मग मृत्यूंच्या तक्त्यात ती, वर्ग कोणताही असो, 'शेती व संलग्न' ह्या एका गटात जातील. शेतकरी, मजूर, सगळे एकत्र."

"एकत्र केलं तर दिसनारच नाई ना मॅडम कोन मेलं ते."

"काका, माझ्या हातात नाही. नियम म्हणजे नियम."

काका स्क्रीनकडे असे पाहत राहिले जणू आरशात पाहतायत. मॅडम गेल्यावर मला म्हणाले, "हे वाक्य माहं होय. तीस वर्सं मीच म्हनत होतो."

त्या दिवसापासून सगळं तिसावर आलं. काका उन्हातान्हात फिरले. मोताळ्याकडे गेले, जळगाव जामोदकडे गेले, चपला झिजून अशा झाल्या की पायांचे ठसे उठायचे. मेलेली माणसं शोधत जाणारा माणूस गावांना कसा आवडेल? एका घरी त्यांच्या अंगावर पाणी फेकलं, एका घरी त्यांना एक म्हातारी मिठी मारून रडली. दोन्ही घरचे फॉर्म बरोबर होऊन आले. सोळा, एकवीस, पंचवीस. गठ्ठे संपत आले तेव्हा एकोणतीस झाले होते.

शेवटच्या गठ्ठ्यात वरवट बकालचा एक फॉर्म होता. घरात एकटी विधवा. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, फवारणी करताना. नवऱ्याचं काम: शेती.

मी ओरडलोच, "काका, तिसावा! उद्याच जाऊ!"

काकांनी फॉर्मावरचं नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ते त्यांच्या मोठ्या भावाचं घर होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. वरवट बकालच्या बस थांब्यावर काका मोटरसायकलवरून उतरले ते तिथल्या बाकड्यावरच बसले. खिशातलं प्लास्टिक काढून उलगडलं. देवाचा फोटो नव्हता. पिवळं पडलेलं, कोपरे गेलेलं, नोकरीच्या नोंदणीचं कार्ड होतं.

"भाऊ माहा दोन वर्सानं मोठा," काका म्हणाले. "त्यानं शाळा सोडली म्हनून मी शिकलो. गावात लाइनीचं काम आलं तवा लाइनमनच्या मांगं मांगं फिरून सगळं शिकला तो. खांबावर चढे, मोटर बांधे. मी खिडकीत लागलो तं खुशीनं आला, म्हने, टाक माहा नंबर, वायरमन. मी म्हनलो, सर्टिफिकेट? तो हसला. म्हने, तू मले सर्टिफिकेट मांगून राह्यला का बे? रांगेतले लोक पाहून राह्यले होते. मी नवा होतो. नियम म्हंजे नियम म्हनलो आन् लिव्हलं, अकुशल मजूर." त्यांनी कार्ड पालथं केलं. "सहा महिन्यांनी वायरमनची मागनी आली. यादी मीच काढली. कोराडीच्या वीजघरात लागले लोक, कुठं कुठं लागले. भाऊ दुसऱ्याच्या वावरात लागला. साठीच्या वर गेला तरी पंप पाठीवरच. ज्या दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तिथं औषध नव्हतं. दुसऱ्या दवाखान्याच्या वाटेत गेला."

मी गाडीची किल्ली फिरवत राहिलो.

वहिनी दारातच उभ्या होत्या. वाळकी, ताठ बाई. डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी आम्हाला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. काकांनी फॉर्म मांडीवर ठेवला.

"वहिनी, सर्व्हेवाल्या पोराले तुम्ही शेती सांगतलं."

"हाव."

काकांचे ओठ हलले. तो एक शब्द, जो त्यांनी न्हाव्याला, माझ्या बापाला, अख्ख्या जिल्ह्याला विचारला होता, तो आता विचारायला त्यांनी खिशावर दोन बोटं टेकवली आणि ती तिथंच राहिली. वहिनींनीच तो ओळखला.

"कोनाची, असंच इचारता ना तुम्ही समद्यायले? आलं आमच्या कानावर. भाऊजी, माह्या मालकाच्या नावावर एक एकर हाय. बरड हाय, पन हाय. शेतीच लिव्हा."

"वहिनी, एका नावाची गरज हाय. तीस झाले तं..."

"तुमच्या तिसाचं मले काय सांगता?" आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "जित्तेपनी तुम्ही त्यायले मजूर लिव्हलं. तुमच्याच हातानं. घरी येऊन दोन दिवस जेवले नाईत ते. पन तुमाले एका शब्दानं बोलले नाईत, मलेबी बोलू दिलं नाई. आता मेल्यावर तरी त्यायले शेतकरी राहू द्या."

कोंबड्या अंगणात टोचत होत्या. काका उठले. फॉर्म घडी करून पिशवीत घातला आणि वहिनींच्या पायांशी वाकले. वहिनी मागे सरकल्या. परत येताना मोटरसायकलवर माझ्या मागे कोणी बसलंय की नाही हे मी दोनदा वळून पाहिलं.

ऑफिसचा नियम होता की स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही. माडीवर आल्यावर काकांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"तू टाक नंबर."

मी हिरवं पेन घेतलं. फॉर्मावर लिहिलं होतं, काम: शेती. मी मोठ्यानं वाचलं, "शेती." आणि थांबलो. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या पाठीकडून एक शब्द येण्याची मी वाट पाहिली. खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज आला, रस्त्यावरून एक ऑटो गेला. काकांची खुर्ची वळली नाही.

मी शेतकऱ्याचा नंबर टाकला. सहा, एक, एक, एक. चार चौकटी भरायला किती वेळ लागतो?

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. शुक्रवारी मॅडमनी एकोणतीस वाचलं, "अरेरे" म्हणाल्या, आणि ते खरोखरच वाईट वाटल्यासारखं होतं. कॉम्प्युटरवर बटण दाबायचं काम माझं. मी दाबलं. एकोणतीस माणसं 'शेती व संलग्न' ह्या गटात गेली. तिथं ट्रॅक्टरवाले होते, पंधरा एकर बागायतवाले होते, पायावर पाय टाकून बटईनं वावर देणारे होते. सगळ्यांच्या मरणाची सरासरी निघाली आणि ती फार वाईट दिसत नव्हती. अहवाल छापून आला, त्याचं कव्हर गुळगुळीत होतं. काकांनी तो तक्ता काढून बोट फिरवत दोनदा वाचला, हिरवं पेन टेबलाच्या कडेला ठेवलं आणि जिना उतरून गेले. कुत्रं त्यांच्या मागे बस स्टँडपर्यंत गेलं, एकटं परत आलं.

लग्न त्यांनी केलंच नव्हतं. एका खोलीत राहायचे, तिथेच पुढच्या उन्हाळ्यात साध्या तापानं गेले. आम्ही चौघंजण होतो उचलायला. न्हावी होता. वडनेरचा तो काठीवाला बाप कुठून कळून आला होता कोण जाणे, खांदा देऊन गेला. मनातल्या मनात मी चौघांचे वर्ग लावत होतो, सवयच लागली होती. नगरपालिकेच्या कारकुनानं मृताचा व्यवसाय विचारला. मी म्हणालो, निवृत्त. एवढ्या माणसाला तेवढंच. त्यांचं जे काय थोडं सामान होतं ते वरवट बकालला वहिनींकडे गेलं.

मी त्याच कामात टिकलो. माझा वर्ग आता वरचा आहे, तो सांगत नाही. दोन वर्षांनी नवा सर्व्हे निघाला. कागद गेले, टॅब आला. पोरं कमी पडली म्हणून मीही गावं वाटून घेतली, आणि वरवट बकाल मुद्दाम घेतलं.

वहिनींनी ओळखलं. पोतं टाकलं, पाणी दिलं. तब्येत अजून उतरली होती. मी काही विचारायच्या आत त्या आत गेल्या आणि दुधाच्या पिशवीचं ते प्लास्टिक घेऊन आल्या.

"भाऊजींच्या सदऱ्यात निंघालं. मले वाचता येत नाई. कोनाले दाखवलं बी नाई. काय लिव्हलं हाय ह्याच्यात?"

मी कार्ड उलगडलं. भावाचं नाव. त्याखाली निळ्या शाईत, तरुण हाताच्या टोकदार अक्षरात: अकुशल मजूर. त्यावर हिरवी रेघ मारून खोडलेलं. आणि शेजारच्या जराशा कोऱ्या जागेत, मला ओळखीच्या त्या बारीक अक्षरात: "वायरमन. खांबावर चढायचा. मी पाहिलं आहे."

मी वाचून दाखवलं. वहिनींनी पुन्हा वाचायला लावलं. मग कार्ड माझ्या हातातून घेतलं, जिथे हिरवी शाई होती तिथे अंगठा ठेवला.

"त्यायनं आपलं लिव्हलेलं खोडलं," त्या म्हणाल्या. "आता माहं सांगतलेलं बी खोडा. तवा मी रागानं बोलली. त्या एकरात कधीच काही पिकलं नाई. इचारा आता मले."

"काय विचारू?"

"नवरा काय करे ते इचारा ना. तुमच्या त्याच्यात असन."

टॅबमध्ये होतंच. विधवेच्या घरी तो प्रश्न येतोच. मी म्हणालो, "मालक काय काम करत होते?"

"फवारनी," वहिनी म्हणाल्या. मान ताठ होती. "दुसऱ्याच्या वावरात. पंपबी दुसऱ्याचा. लिव्हा."

मी टॅबवर बोट लावलं. यादी उघडली. आता शब्द लिहायचे नसतात, नंबरही नाही, तयार यादीतून निवडायचं असतं. नोकरी. धंदा. कारागिरी. शेती व संलग्न. आमच्याच अहवालातले गट उचलून कोणीतरी यादी केली होती. मी ती वर नेली, खाली नेली. डाव्या बाजूला पाहिलं. टॅबला समास नसतो.

वहिनी माझ्या बोटाकडे पाहत होत्या. मी 'शेती व संलग्न'वर दाबलं. स्क्रीन हिरवी झाली आणि पुढचा प्रश्न आला, घरात पिण्याचं पाणी कुठून येतं.

"लिव्हलं?" वहिनींनी विचारलं.

"लिव्हलं," मी म्हणालो.